परतलेल्याचे हात



सेवाग्रामच्या ज्या भूमीवर अहिंसेचे तत्त्व चरख्याच्या, कुदळीच्या आणि झाडूच्या साहाय्याने वर्षानुवर्षे आचरले गेले, त्या भूमीवर युद्धातून परत आलेल्या सैनिकाच्या सन्मानाविषयी बोलण्यास मी उभा आहे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल, आणि ते वाटावे हे योग्यच आहे. त्या नवलाचे उत्तर मी पुढे यथामती देणार आहे. परंतु मला मुख्यतः जे म्हणावयाचे आहे ते आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे विस्ताराच्या भरात ते हरवणार नाही. आपल्या समाजाने सैनिकाविषयी कला पुष्कळ निर्माण केली, पण सैनिकाच्या हाती कला फारशी दिली नाही. आणि जो लढाईतून जिवंत परतला, परंतु ज्याचे शरीर अथवा मन पूर्वीसारखे राहिले नाही, त्याच्या जखमेला उतार पडावयाचा असेल तर तो त्याच्याविषयी गायिलेल्या गीताने पडणार नाही, त्याने स्वतः हातांत घेतलेल्या कामाने पडेल, अशी माझी श्रद्धा आहे.

महाराष्ट्रातील जुन्या गावांच्या वेशीपाशी, ओढ्याकाठी, महादेवाच्या देवळाच्या आवारात वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, उभे असतात. पुष्कळदा त्यांना शेंदूर फासलेला असतो, कित्येक निम्मे जमिनीत गेलेले असतात, आणि ते कोणाचे हे विचारले तर गावातील वृद्धांनाही सांगता येत नाही. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई चाललेली असते, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला हाती धरून वर नेत असतात, त्यावरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात. या दगडांवर आलेले सगळेच वीर एखाद्या राजाच्या पदरचे शिलेदार नव्हते. गावची गुरे वळवून नेणाऱ्या टोळीला आडवे जाऊन पडलेला साधा गावकरीही तेथे त्याच थाटात स्वर्गाला जातो. समाजाने आपल्या कलेने केलेला सैनिकाचा इतका निखळ आणि इतका समान सन्मान दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल. मात्र त्या दगडावर येण्यासाठी एक अट आहे, आणि ती मरणाची आहे. हात तुटून घरी परतलेल्या, उरलेले आयुष्य ओसरीवर बसून काढलेल्या माणसासाठी पाथरवटाने छिन्नी उचलल्याचे एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

पोवाड्याचेही तेच. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले आणि शाहिराच्या डफावर अमर झाले; परंतु नायक पडल्यावर पांगू लागलेल्या मावळ्यांना आवरून ज्यांनी गड प्रत्यक्ष हाती घेतला त्या सूर्याजींचे पुढे काय झाले, सख्खा भाऊ डोळ्यांदेखत गेल्यावर त्यांच्या रात्री कशा गेल्या, हे कोणत्या शाहिराने विचारले? दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणांगणावर आपल्या मराठा पलटणींतील दोघा जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांपैकी रायगड जिल्ह्यातील पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने तुटून पडले आणि तेथेच कामी आले. माणगावला त्यांचा पुतळा आहे, आणि आसपासच्या मुलांना त्यांचे नाव ठाऊक आहे. दुसरे तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या बांधावरून, गोळ्यांच्या वर्षावात त्यांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घालून सुरक्षित जागी नेले, परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली, आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयघोष केला. ते जगले. १९८४ सालापर्यंत जगले. युद्धानंतरच्या त्या जवळजवळ चाळीस वर्षांविषयी मराठी वाचकाला किती माहिती आहे, हे आपण प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे.

येथे एक न्याय केला पाहिजे. कला जरी मेलेल्याकडे वळली, तरी जुन्या राज्यव्यवस्थेने जखमीला अगदीच वाऱ्यावर सोडले नव्हते. अफजलखानाच्या पारिपत्यानंतर शिवाजी महाराजांनी काय केले याची हकीकत कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नमूद केली आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत चालविले, पुत्र नव्हता तेथे विधवेला निम्मे वेतन बांधून दिले, आणि जे जखमी झाले त्यांना प्रत्येकाची जखम पाहून पंचवीस होनांपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस दिले. पुढे पेशवाईच्या दप्तरातही धारातीर्थी पडलेल्यांच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशीच्या नेमणुका आढळतात. राज्यकर्त्याने जखमेची किंमत करावी आणि ती रोकडीने चुकती करावी, ही व्यवस्था त्या काळी थोरच होती, आणि आजचे आपले निवृत्तिवेतन, वैद्यकीय मंडळाने ठरविलेली अपंगत्वाची टक्केवारी, व्याधी सेवेमुळे उद्भवली की सेवेमुळे बळावली यासंबंधीचा शेरा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील अर्ज आणि दाखले, ही सर्व तिचीच वाढलेली फांदी होय. माझ्या मनात त्या व्यवस्थेविषयी आदर आहे, आणि ज्या घरांची चूल तिच्यावर पेटते त्या घरांसमोर तिची हेटाळणी करणे हा अपराध होईल.

परंतु जखम पाहून देणे हे जखम दिसते तोवरच चालते. पलटणीत ज्याला आपली मंडळी ‘बोर्ड आऊट’ म्हणतात तसा, वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त झालेला, कोणी पाय गमावून घरी आला, तर गाव त्याच्यासाठी रस्ता सोडते, बसमध्ये जागा देते, पंधरा ऑगस्टला त्याच्या हस्ते झेंडा लावते. याउलट जो धडधाकट शरीराने पेन्शनीला आला आणि ज्याला लग्नाच्या वरातीतील फटाक्यांचा आवाज सोसवत नाही, जो पहाटे तीनला उठून घराच्या कड्या तपासतो, जो बायकोशी वर्षभर दहा वाक्येही धड बोलत नाही, त्याची जखम कोणाला दिसत नाही, आणि त्याला स्वतःला ती सांगता येत नाही. गावात त्याला ‘फौजी जरा तापट आहे’ एवढेच म्हटले जाते. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली वाचा गेलेल्या, थरथर कापणाऱ्या सैनिकांना प्रारंभी भित्रे ठरविण्यात आले. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी आणि त्यांच्या वैद्यांनी दीर्घकाळ आग्रह धरला तेव्हा कोठे १९८० साली या आघाताला तेथील मनोवैद्यकाने स्वतंत्र व्याधी म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे तर या व्याधीसाठी शब्दच अलीकडे आला, आणि तोही शहरातच फिरतो. ज्याचे वर्णन करण्यास भाषा अपुरी पडते अशा दुःखासाठी हाताला काम देणे हा उपाय मानवजातीने फार पूर्वी शोधून काढलेला आहे, आणि त्याचा विचार करण्यास सेवाग्रामइतके योग्य स्थान मला दुसरे दिसत नाही.

महाराष्ट्रात या दिशेने जे झाले त्याचा इतिहास मोठा हृदयंगम आहे. मुंबईतील आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याची इमारत उभी राहिली आणि पहिले महायुद्ध सुरू झाले, त्यामुळे तिच्यात मूर्ती आणि चित्रे येण्यापूर्वी सैनिकांचे रुग्णालय आले. संग्रहालय म्हणून ती लोकांना खुली झाली ती १९२२ साली. ज्या दालनांत आज गुप्तकालीन शिल्पे आणि लघुचित्रे मांडलेली आहेत, त्या वास्तूने प्रथम पाहिली ती जखमी माणसे. त्याच सुमारास, मेसोपोटेमियातील जखमींनी भरलेली जहाजे मुंबईच्या धक्क्याला लागत असता, १९१७ साली लेडी विलिंग्डन यांनी अपंग हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरी तांत्रिक विद्यालय काढले. ती संस्था पुढे खडकीला गेली आणि शंभर वर्षांहून अधिक काळ जवानांना नवा धंदा शिकवीत आली आहे. पाय गेलेल्याला यंत्रापुढे बसविता येते, आणि यंत्रापुढे बसलेला मनुष्य कोणाच्या दयेवर नसतो, हे तिने दाखवून दिले.

खडकीलाच १९७४ साली मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. कमरेखालचे, आणि काहींचे तर मानेखालचे, सारे शरीर निश्चल झालेले तरुण तेथे वर्षानुवर्षे राहतात. त्यांपैकी काहींनी दातांत कुंचला धरून चित्रे काढण्याची विद्या संपादन केली आहे. या विद्येचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्यातच माझ्या म्हणण्याचे मर्म आहे. तोंडाने चित्र काढणाऱ्याची सारी सृष्टी मानेच्या हालचालीत मावेल एवढीच असते. कागद डोळ्यांच्या इतका जवळ असतो की संपूर्ण चित्र दिसत नाही. जबडा दुखतो, मान भरून येते, आणि एक आकाश रंगवून होईपर्यंत सकाळ सरते. परंतु त्या सकाळी त्या जवानाला कोणी कूस बदलून दिलेली नसते, कोणी भरविलेले नसते, कोणी ढकलीत नेलेले नसते. रंग कोणता घ्यावा आणि कोठे थांबावे हे त्याने ठरविलेले असते. ज्याच्या दिवसातील प्रत्येक निर्णय दुसऱ्याच्या हाती गेला, त्याला एक निर्णय परत मिळतो. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवून आले. देशाने त्यांना पद्मश्री दिली ती २०१८ साली. पाण्यात पेटकरांना जे सापडले तेच खडकीच्या चित्रकाराला कागदावर सापडते. फरक एवढाच की शर्यतीत पहिला एकच येतो, आणि चित्रशाळेत पहिला कोणी यावा लागत नाही.

आता आरंभीच्या नवलाकडे वळतो. सेवाग्रामचा आणि सैनिकाचा काय संबंध? ज्यांनी हे गाव जगाच्या नकाशावर आणले ते गांधीजी युद्धातील जखमीला आपल्यापैकी कोणाहीपेक्षा जवळून ओळखत होते. १८९९ साली बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी सुमारे ११०० हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारले, आणि त्या पथकाने डोलीवर जखमींना घालून दिवसाला वीस वीस, पंचवीस पंचवीस मैल चालत नेले. १९०६ च्या झुलू बंडाच्या वेळी गोऱ्या परिचारकांनी ज्यांना हात लावण्याचे नाकारले त्या झुलूंच्या, फटक्यांनी चिघळलेल्या जखमा त्यांनी धुतल्या. युद्धाचा निषेध करणाऱ्या त्या वाणीमागे जखमेचा वास प्रत्यक्ष घेतलेले नाक होते, हे विसरता कामा नये. उत्तरायुष्यात आझाद हिंद सेनेतील शिपायांनी आता काय करावे हा प्रश्न आला, तेव्हा त्यांना त्यांनी रचनात्मक कार्याकडे बोलाविले. कर्नल जीवनसिंग नोआखालीत आणि जनरल शाहनवाज खान बिहारमध्ये, दंगलीने उद्ध्वस्त झालेल्या खेड्यांत, त्यांच्या हाताखाली राबले. तोडण्याचे शिक्षण घेतलेल्या हातांना जोडण्याचे काम मिळाले तर ते हात किती निष्ठेने ते करतात, याचा तो पुरावा होता.

या आश्रमाच्या भिंतीही याच गोष्टीची साक्ष देतात. गांधीजी राहत त्या बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर त्यांच्या शिष्या मीराबेनने स्वहस्ते उठावाची ताडाची झाडे आणि चरखा काढला आहे. ती कोण होती? इंग्रजी आरमाराच्या एका अॅडमिरलची कन्या! युद्धनौकांच्या छायेत वाढलेल्या त्या बाईने ओल्या मातीत बोटे घालून जे उमटविले, ते पाहण्यास आज जगभरातून लोक येतात. आणि ते पाहताना कोणाच्याही मनात असे येत नाही की हे एखाद्या शिकलेल्या कलावंताचे काम असते तर बरे झाले असते. १९३६ च्या डिसेंबरात खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्या वेळी चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू, चटया आणि आसपास मिळेल त्या साहित्याने सारी नगरी सजविली, ती दृष्टीही हीच होती की कला ही खेड्याच्या हाताबाहेरची वस्तू नव्हे. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षणपरिषद भरली आणि हस्तोद्योग हेच शिक्षणाचे माध्यम व्हावे हा विचार तेथे मान्य झाला. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने नई तालीम नावाची ही शिक्षणपद्धती येथे रुजविली, आणि १९४४ साली शांतिनिकेतनाहून देवीप्रसाद नावाचे एक तरुण चित्रकार व कुंभारकलेचे उपासक तिच्यात कलाशिक्षक म्हणून दाखल झाले.

देवीप्रसादांविषयी मला थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण आजच्या विषयाच्या दोन्ही टोकांना एकाच आयुष्यात धरणारा असा दुसरा मनुष्य मला माहीत नाही. १९६२ पर्यंत ते येथे होते. खेड्यातील मुलांना त्यांनी रंग, माती आणि भट्टी दिली, आणि मुलाच्या चित्रात दुरुस्ती करावयाची नाही हा दंडक पाळला. कला हा शिक्षणाचा अलंकार नसून पाया आहे, असे त्यांनी पुढे ग्रंथरूपाने मांडले. येथून ते गेले ते लंडनला, युद्धाला सर्वस्वी नकार देणाऱ्यांच्या ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ या जागतिक संघटनेचे सरचिटणीस म्हणून, आणि व्हिएतनामच्या युद्धाचा तो सारा भीषण काळ त्यांनी त्या पदावर काढला. तत्पूर्वी, डिसेंबर १९४९ मध्ये, जगभरच्या शांतिवाद्यांची परिषद शांतिनिकेतन आणि सेवाग्राम या दोन ठिकाणी भरली होती, तो वारसा त्यांच्या पाठीशी होताच. ज्याने आयुष्यभर युद्धाला विरोध केला त्याच माणसाने आयुष्यभर चाकावर माती घातली, हा योगायोग नव्हे. त्यांची शिकवण मी माझ्यापुरती अशी समजतो: निर्माण करणाऱ्या हाताला दुसऱ्यावर उगारले जाणे हळूहळू जड जाऊ लागते. तसे असेल, तर जो हात उगारला जाऊन थकला आहे, ज्याच्या धन्याला झोप येत नाही, त्या हाताचा नई तालीमवर सर्वांत मोठा हक्क पोहोचतो.

सैनिकाने येथे यावे याला आणखीही एक कारण आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. सैनिकाला आपण बोलावतो तेव्हा बहुधा त्याच्याकडून काहीतरी हवे असते. सभेत जयघोष करण्यासाठी तो हवा असतो, मिरवणुकीत छातीवरील पदकांसह तो हवा असतो. दुसऱ्या बाजूला युद्धविरोधी मंडळींना त्याचा पश्चात्ताप हवा असतो. सेवाग्रामला यांतील काहीच नको आहे. येथे शौर्याचा बाजार मांडावयाचा नाही आणि पापाची कबुलीही घ्यावयाची नाही; येथे त्याला मातीपुढे, कागदापुढे, मागापुढे गप्प बसू देता येईल. गप्प बसण्याची जागा मिळणे हा केवढा मोठा सन्मान आहे, हे ज्याला सतत काहीतरी सांगावे लागते त्यालाच कळेल.

परदेशांत या मार्गाने काय साधले ते थोडक्यात सांगतो. एड्रियन हिल नावाचे इंग्रज चित्रकार पहिल्या महायुद्धात खंदकांत राहून रेखाटने करीत असत. १९३८ साली क्षयाने आजारी पडून ते ससेक्समधील एका आरोग्यभुवनात पडले असता त्यांनी स्वतःच्या मनोरंजनासाठी चित्रे काढली, मग शेजारच्या खाटेवरील रोग्याला शिकविले, आणि दुसरे युद्ध सुरू झाल्यावर तेथे येऊ लागलेल्या जखमी सैनिकांना शिकविले. कलोपचार हे नाव या प्रयत्नाला त्यांनीच १९४२ साली दिले. अमेरिकेतील एका लष्करी उपचारकेंद्रात सैनिकांना कोरा मुखवटा देऊन तो रंगविण्यास सांगतात, आणि महिनोन्महिने अबोल राहिलेली माणसे मुखवट्यावर ओठ शिवलेले, कपाळ दुभंगलेले, अर्धा चेहरा ध्वजाचा असे काढतात, व मग त्याविषयी बोलू लागतात. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना, मुखवटा चढविला म्हणजे मनुष्य आपले खरे बोलू शकतो, हे परदेशातून शिकावे लागणार नाही.

परंतु माझ्या मनाला सर्वांत भिडले ते कागदाचे काम. इराकच्या युद्धातून परतलेल्या ड्र्यू कॅमेरॉन नावाच्या तरुणाने २००७ साली, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात, आपला लष्करी गणवेश फाडून, त्याच्या चिंध्या पाण्यात कुटून, त्या लगद्याचा कागद केला, आणि आपल्यासारख्या इतरांनाही ती विद्या दिली. जे कापड घाम, धूळ आणि क्वचित रक्त प्याले, त्यावर ते लोक आता चित्र छापतात, कविता लिहितात, काही जण तसाच कोरा कागद जपून ठेवतात. हे वाचले तेव्हा मला तत्काळ वर्धा आठवले. येथून थोड्याच अंतरावर मगनवाडीत, अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या कार्यशाळेत, गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली हातकागद होत असे! आमच्या महाराष्ट्रात ही विद्या त्याहून पुष्कळ जुनी आहे. जुन्नरच्या आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याच्या कागदी लोकांनी चिंध्या आणि तागाचे तुकडे कुटून, चाळणीवर लगदा उचलून, वाळवून, गोट्याने घोटून जो कागद दिला, त्याच्यावर मराठी राज्याचे दप्तर चालले. पडलेल्याच्या मुलाची बालपरवेशी, जखमीचे बक्षीस, हे सारे तसल्याच कागदांवर चढले. हा तर कापसाचा जिल्हा. जुना सुती गणवेश म्हणजे शेवटी कापूसच, आणि चांगल्या कागदाला कापसासारखा कच्चा माल नाही. कृत्रिम धाग्याचे मिश्रण असलेल्या नव्या गणवेशाचा लगदा नीट होत नाही, त्यात सुती चिंध्या मिसळाव्या लागतील, ही व्यावहारिक अडचण मी लपवीत नाही.

गणवेशाचा कागद करणारी अशी कार्यशाळा येथे निघावी असे मला वाटते; ती या जिल्ह्यात कोणासाठी, असे विचाराल तर पुलगावकडे पाहा. तेथे सैन्याचे दारूगोळ्याचे फार मोठे कोठार आहे. ३१ मे २०१६ रोजी पहाटे तेथे आग लागून अधिकारी, सुरक्षादलाचे जवान आणि आग विझविणारे कर्मचारी प्राणास मुकले. त्या सुरक्षादलात एकदा सैन्यातून निवृत्त होऊन पुन्हा चाकरीस उभे राहिलेले प्रौढ लोक पुष्कळ असतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याच परिसरात निकामी दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, त्यात बहुतेक गेले ते रोजंदारीवरील मजूर. सीमेपासून शेकडो कोस दूर असलेल्या या शांत मुलखातही युद्धाचे हात असे पोहोचतात, आणि ते गणवेश घातलेल्या न घातलेल्यांत भेद करीत नाहीत. म्हणून मला दिसते ते दालन माजी सैनिकांचे असले तरी त्याचे दार त्यांच्या पत्नींना, कोठाराबाहेरच्या खेड्यांतील मजुरांच्या घरांना, येथील आनंदनिकेतन शाळेच्या मुलांना उघडे असावे. समाजाने सैनिकाला कला शिकवावी असे मी म्हणत नाही. एकत्र बसून दोघांनी शिकावी असे म्हणतो. हवालदाराला मुलांसमोर काही शिकविण्याची पाळी आली म्हणजे त्याचा ताठलेला कणा कसा सैल होतो, हे आपल्यापैकी शिक्षकांना सांगण्याची गरज नाही.

सैनिकाच्या पत्नीचे मी नाव घेतले, तर तिच्याविषयी थोडे बोलल्यावाचून पुढे जाता येणार नाही. नवरा सीमेवर असताना शेत, सासूसासरे, मुलांची शाळा आणि मनिऑर्डरीची वाट यांत तिची वर्षे जातात, आणि तो परत आल्यावर एका अनोळखी माणसाला पुन्हा घरात सामावून घेण्याचे काम तिच्याकडेच येते. त्या कामासाठी कोणतेही मंडळ तिला टक्केवारी लावीत नाही. आपल्या बायका जुन्या लुगड्यांची आणि सदऱ्यांची गोधडी शिवतात. त्यात एखाद्या पलटणीच्या सदऱ्याचा हिरवा तुकडा आलेला असतो, आणि तो कोठे घालावयाचा, मधोमध की कडेला, हे तिने बोलून न दाखविता ठरविलेले असते. कागद कुटणारा नवरा आणि गोधडी शिवणारी बायको एकाच दालनात बसली, तर वर्षानुवर्षे न झालेले संभाषण टाक्यांच्या आणि लगद्याच्या निमित्ताने सुरू होण्याचा संभव आहे. मी संभव म्हणतो. याहून अधिक आश्वासन देण्याचा मला अधिकार नाही.

कारण कला म्हणजे औषध नव्हे. ज्याला जीव नकोसा झाला आहे त्याला रंगपेटी देऊन घरी पाठविणे हा निष्काळजीपणा ठरेल. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी येथे वैद्यकीय महाविद्यालय उभारले. कस्तुरबा रुग्णालयाच्या मनोवैद्यांना या कामात पहिल्या दिवसापासून बरोबर घेतले पाहिजे, आणि दालनात बसणाऱ्या कार्यकर्त्याला धोक्याची चिन्हे ओळखता आली पाहिजेत. दुसरे पथ्य प्रदर्शनाचे. जे तेथे होईल ते करणाऱ्याचे. त्याने दाखवावेसे म्हटले तर दाखवावे, विकावेसे म्हटले तर विकून पैसे त्याच्या हाती द्यावेत, आणि फाडून पुन्हा लगद्यात घालावेसे म्हटले तर पाहुण्यांना दाखविण्यासाठी ते कोणी वाचवून ठेवू नये. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला भिंत सजविण्यासाठी त्याच्याकडे चित्र मागू नये. देवीप्रसादांनी मुलांच्या चित्रांना जो मान दिला त्याहून कमी मान या प्रौढांना देऊन चालणार नाही.

खर्चाचे अंदाजपत्रक मी आणलेले नाही, कारण लागणारी सामग्री मोजकी आहे: एक टाके, कुटण्याचे यंत्र, काही चाळण्या, एक दाब, कुंभाराचे एक चाक, आणि आठवड्यातून दोन दिवस न चुकता दार उघडणारा एक मनुष्य. शेवटचा घटक सर्वांत दुर्मिळ आहे. आश्रमाचे विश्वस्त, नई तालीमचे शिक्षक, रुग्णालय आणि वर्ध्याचे सैनिक कल्याण कार्यालय यांच्या प्रतिनिधींनी एकदा एकत्र बसून जागा व दिवस निश्चित करावेत, आणि कार्यालयाकडून माजी सैनिकांना जे पत्र जाईल त्यात सत्कार, मेळावा किंवा मार्गदर्शन हे शब्द नसावेत. जुना गणवेश असल्यास घेऊन यावे, नसल्यास तसेच यावे, एवढाच मजकूर पुरेसा आहे. त्या पत्राचा मसुदा लिहून देण्यास आणि पुढील काही महिने त्या दिवशी येथे येऊन चिंध्या कापावयास बसण्यास मी तयार आहे, हे मी या व्यासपीठावरून चालकांना कळवितो.